रणगाडा ओढणारी गाडी

कुंडलिक पगाऱ्यांच्या गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. आयोजकांनीही सध्या तसंच समजायचं ठरवलंय.

शनिवारी सकाळी भांडुपच्या घरात पगारे दाराच्या चौकटीला टेप लावून उभे होते. मॉडेलमधली गाडी वीतभर होती, पण तिच्याखालची दलदल वाढत वाढत तीन फुटांवर गेली होती. गाडीच्या पट्ट्यांची प्रत्येक कडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या माणसानं दार मोजलं नव्हतं.

"तिरपी केली तर निघेल," चेतना म्हणाली. ही त्यांची मुलगी. स्पर्धेचा फॉर्म तिनंच भरला होता.

"तिरपी केली तर रणगाडा घसरेल."

"चिकटवलाय ना, पप्पा?"

"रुतवलाय. फरक असतो."

शेवटी दार बिजागऱ्यांतून काढलं आणि दलदल जिना उतरली.

रणगाडा चिखलात रुतला की त्याला ओढून काढायला फौजेची दुसरी एक गाडी येते, रिकव्हरी गाडी. तिलाही रणगाड्यासारखे पट्टे असतात, पण तोफ नसते. क्रेन असते, पोलादी दोर असतो, आणि टाळ्या नसतात. परेडमध्ये ती दिसलीच तर लोक पाणी प्यायला उठतात. पगाऱ्यांचा राग एवढाच होता. प्रदर्शनात दरवर्षी रणगाडे जिंकायचे आणि रणगाड्यांना काढणारी गाडी कुणी बनवायचंही नाही.

म्हणून त्यांनी बनवली. तयार संच न आणता, शून्यातून. प्लास्टिकच्या शीट, पेनाच्या रिफिली, इंजेक्शनच्या सुया. पट्ट्यांच्या कड्या हातानं कापल्या, दोन्ही बाजूंच्या मिळून एकशे ब्याण्णव. चिखलाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. तांबडी माती, वाळवलेली चहापत्ती, डिंक. मोजून काहीच घेतलं नाही. चमचा फिरवायचे, थोडा वर उचलून धार बघायचे आणि म्हणायचे, "झाला."

"वीस महिने झाले," त्यांच्या पत्नी शकुबाई म्हणायच्या. "एवढ्यात खरा रणगाडा स्वतःहून चालत बाहेर आला असता."

मुलुंडच्या हॉलमध्ये माजी सैनिकांचा गट वेगळा होता. सेवेत स्वतः चालवलेलं वाहन, स्वतःच्या हातानं बनवलेलं. अकरा जण होते. त्यांत आठ रणगाडे, दोन ट्रक. परीक्षक जयवंत परब स्वतः अठरा वर्षं रणगाड्यावर होते. ते आठही रणगाड्यांसमोरून चालत आले आणि पगाऱ्यांच्या टेबलापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोर ताणलेला कसा दाखवलात?"

"ताणूनच."

"किती वर्षं चालवलीत ही?"

"वर्षांत कधी मोजलं नाही, साहेब."

परब हसले. "ही चौघांची गाडी ना? आत एकच माणूस का?"

"बाकीचे कामात होते."

"आणि उजवा पट्टा पुढून एवढा खोल? अनुभवी ड्रायव्हर असा कडेला जात नाही."

"त्या दिवशी गेला," पगारे म्हणाले. "पण रणगाडा निघाला."

परब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "एकदा मी पण आत होतो, असाच रुतलेला. सहा तास. तुमच्यासारखा एक जण आला. नाव विचारायचं राहिलं." मग ते सरळ उभे राहिले आणि भर हॉलमध्ये त्यांनी पगाऱ्यांना सलाम ठोकला. पगाऱ्यांनी परत ठोकला, पण अर्धा सेकंद उशिरा.

संध्याकाळी निकाल लागला. सोसायटीच्या ग्रुपवर चेतनानं फोटो टाकला. त्रेसष्ट अंगठे आले. एरवी ज्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून भांडण चालू होतं त्यांनीही अंगठा दिला, भांडण चालू ठेवून. शकुबाईंनी टीव्हीवरची फुलदाणी हलवून बक्षिसाच्या ढालीपुरती जागा करून ठेवली.

सोमवारी आयोजकांचा फोन आला. ढालीवर नाव कोरायचं तर नियम सातप्रमाणे सेवेच्या नोंदीत 'चालक' असल्याचा कागद हवा. तो येईपर्यंत बक्षीस जाहीर झालं नाही असं समजावं.

"द्या कागद," चेतना म्हणाली. "स्कॅन करून पाठवते. दोन मिनिटांचं काम."

"कागदात आधी थोडी दुरुस्ती लागेल."

"स्पेलिंग चुकलंय?"

"त्याहून थोडी मोठी."

"खरं काय ते सांगून टाका ना त्यांना," शकुबाई आतून म्हणाल्या.

"खरंच सांगणार आहे," पगारे म्हणाले. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, खुर्चीत ताठ बसले आणि चेतनाला लॅपटॉप उघडायला सांगितला. ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. दुसऱ्याच ओळीला तिची बोटं थांबली.

"थांबू नको गं. अजून आहे." फौजेच्या अभिलेख कार्यालयासाठीचं पत्र शेवटी असं झालं:

"माननीय अभिलेख अधिकारी यांस. माझ्या सेवापुस्तकात माझा हुद्दा 'स्वयंपाकी' असा नोंदलेला असून तो चोवीस वर्षांसाठी बरोबर आहे. तथापि दिनांक नऊ फेब्रुवारी एकोणीसशे ब्याण्णव रोजी सकाळी सहा चाळीस ते सात एकवीस या वेळेत सदर गाडीचे चारही जवान पोट धरून झुडपांमागे असल्याने गाडी मी चालवली व रणगाडा मी काढला. तरी तेवढ्या एक्केचाळीस मिनिटांपुरता माझा हुद्दा 'चालक' असा दुरुस्त करून मिळावा. आदल्या रात्रीच्या राजम्याची चौकशी मात्र या निमित्ताने पुन्हा उघडू नये, ही नम्र विनंती."