आत्तींचं दुखणं

"आत्ती, बाईंना सगळं नीट सांगायचं हं," एस.टी.तून उतरताना पवित्रा म्हणाली.

"मला कुठं बोलाय येतंय? तूच सांग की," सासूबाईंनी, गौराबाईंनी हात झटकला.

पवित्राच्या नवऱ्याला, रुद्रेशला जाऊन आठ महिने झाले होते. कागलच्या कारखान्यातून शिरोळला परतताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं होतं. पवित्रानं मातीला आलेल्यांना चहा केला, सासूला सावरलं, महिन्याभरात शिवणवर्गावर शिकवायला हजर झाली. अख्खी गल्ली तिच्या धीराचं कौतुक करायची.

गौराबाई मात्र हळूहळू खचल्या. जेवण सुटलं, झोप उडाली. कोल्हापुरात नुसतं बोलून बरं करणाऱ्या एक बाई आहेत, हे त्यांनीच कुठूनतरी ऐकलं. मग दर गुरुवारी त्या बाईंच्या राजारामपुरीतल्या दवाखान्याची फेरी सुरू झाली.

संयोगिताबाई गोळ्या देत नसत. दोघींना समोरासमोर बसवायच्या. "माझ्याशी नको, एकमेकींशी बोला," म्हणायच्या. बोलायची पवित्राच. आत्ती किती खातात, कितीदा उठतात.

चौथ्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "आत्ती रात्रभर जाग्या असतात, हे तुला कसं कळतं?"

पवित्रा अडखळली. "मी बी जागीच असते की." मग खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी भांडले होते. ते डबा न घेताच गेले."

गौराबाईंनी खुर्ची पुढं ओढली. तिचं डोकं छातीशी धरलं. "अगं खुळे, शाळेत बी रोज डबा टाकून जायचा त्यो! तुझ्यामुळं न्हवं, पोरी."

पवित्रा हसली, आणि हसता हसता हमसून रडली. तासभर.

त्या रात्री दोघी पोटभर जेवल्या. पुढचे गुरुवार रुद्रेशच्या आठवणींतच जायचे. येताना मिसळही होऊ लागली.

जूनमध्ये बाई म्हणाल्या, "आता यायची गरज नाही."

पवित्रानं हात जोडले. "माझ्या आत्तींना माघारी आणलंत तुम्ही."

बाईंनी गौराबाईंकडे पाहिलं. गौराबाई पदर नीट करत होत्या.

स्टँडवर आत्ती पाणी प्यायला गेल्या, तेव्हा बाईंनी दिलेली फाईल पवित्रानं उघडली. पहिला कागद दोघींच्या पहिल्या गुरुवारच्याही महिनाभर आधीचा होता.

पेशंटचं नाव: पवित्रा.

तक्रार, सासूच्या शब्दांत: "पोर अजून रडली न्हाय. बोलावून यायची न्हाय ती. मी आजारी पडते, मग आणंल मला."