खडखडाटातलं बोलणं

मालन नवऱ्याचा घरी विसरलेला डबा घेऊन कारखान्यात शिरली आणि दारातच थबकली. यंत्रमागांच्या खडखडाटात कानठळ्या बसत होत्या. तिचा नवरा मात्र सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईशी नुसत्या हातांनी बोलत होता. बोटं, भुवया, ओठ, सगळं चाललं होतं. बाई पोट धरून हसत होती. घरी चार शब्द बोलायला यांच्या जिवावर येतं! मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माग सोडून त्याला येता येईना, म्हणून डबा घ्यायला तीच बाई बाहेर आली.

"काय एवढं बोलत होते गं?" मालनने विचारलं.

"तुमचंच की वो, वहिनी!" बाईने खुणेसाठी स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं. "तुमचा हा तीळ, म्हंजे तुम्ही. दिवसभर तुमचाच विषय."

मालनचा राग आणखीच भडकला. आपल्या गोष्टी, आणि त्या ऐकायच्या हिने?

संध्याकाळी तो नेहमीसारखा मुकाट जेवत होता. मालनने रिकामाच मिक्सर सुरू केला, त्याच्यासमोर बसली आणि आपल्या तिळावर बोट टेकवलं.

घास ताटात ठेवून तो हसला. त्याचे हात बोलू लागले.

तिला त्यातलं अक्षरही कळेना. तिने मिक्सर बंद केला नाही.