अकरावा फोटो

"परत चुकलं," हरिचंद्र म्हणाला.

झाकण तिसऱ्या बाटलीला नव्हतं आणि मशीनने ढकलली चौथी. अंबरनाथच्या त्या शेडमध्ये सकाळपासून नऊ ट्रायल झाल्या, नऊही वेळा हेच.

बाटली सेन्सरसमोरून गेली की चाळीस मिलिसेकंदांनी वीतभर पुढचा कॅमेरा फोटो काढणार. ज्या नंबरच्या फोटोत झाकण नाही, त्या नंबरची बाटली मशीन बाहेर काढणार. बस, एवढंच. कॅमेरा बसवणाऱ्या कैलासने चाळीसचे पस्तीस केले, पंचेचाळीस केले. यूट्यूबवर शिकलेलं सगळं संपलं.

"तीनला पार्टी येतेय मशीन बघायला," सुपरवायझर हरिचंद्र म्हणाला. "नाय चाललं तर कॅमेरा पण जाणार आणि तू पण. शेठ बोललाय."

पट्ट्याशेजारी कौसाबाई बसल्या होत्या, बुवापाड्याच्या. चौदा वर्षं झाकणं डोळ्यांनी तपासत होत्या. कॅमेरा चालला की त्यांचं काम संपलं.

"चहा घे रे बाळा. तोंड बघ कसं झालंय."

"नको मावशी."

त्याने कॅमेरा चालू केला. दर वेळेसारखा सेन्सरला हात लावला, तोच हात कपाळाला लावला. कात्रपच्या ज्योतिषाने दिलेली पुष्कराजाची अंगठी कपाळाला गार लागली. देवा, आता तरी. मग पट्ट्याचं बटण दाबलं, तसा कॅमेऱ्याखालचा दिवा लागला.

चौथीच पडली.

पहिल्यांदाच त्याने फोटो मोजले. बाटल्या दहा, फोटो अकरा. पहिला काळाकुट्ट. म्हणजे बाटली यायच्या आधीच सेन्सरसमोर काहीतरी येतंय, आणि सगळी मोजणी एकाने सरकतेय.

त्याने मान वळवली. सेन्सरपासून हातभरावर कौसाबाई.

"मावशी, तुम्ही हात घालताय ना मधे?"

"मी? मी कशाला रे?"

"काम जातंय म्हणून!"

हरिचंद्रने पुढे विचारलंच नाही. "कौसाबाई, गेटपास द्या. निघा. उद्या पण येऊ नका."

त्या उठल्या. डबा उचलला.

"हात मांडीवर होते रे माझे," एवढंच बोलल्या आणि गेल्या.

तीनला पाच कमी. गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. कैलासने उगाच खात्री म्हणून फक्त पहिल्या फोटोचं एक्स्पोजर दसपट केलं, म्हणजे काळोखातलंही दिसेल. कॅमेरा चालू केला. हात सेन्सरला, हात कपाळाला. बटण.

चौथी पडली.

"आता कोण हात घालतंय रे?" हरिचंद्र ओरडला.

कैलासने पहिला फोटो उघडला. या वेळी तो काळा नव्हता. रिकामा पट्टा, आणि कोपऱ्यात सेन्सरवर टेकलेली चार बोटं.

एका बोटात पुष्कराज होता.