दोघांची जॉयस्टिक

रसायनीच्या कंपनीतून रात्रपाळी करून सुटलेला विपुल शिळफाट्यावर उतरला आणि जांभया देतच गेमच्या दुकानात शिरला. लग्नाआधी तो आणि हर्षला व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनसमोर खांद्याला खांदा लावून मारामारीचे गेम खेळायचे, आणि दर वेळी तीच जिंकायची. तसली जॉयस्टिक आता घरी आणायची, हे दोघांच्या मनात कधीपासून घोळत होतं.

तीन-चार फिरवून पाहिल्या, बटणं दाबून पाहिली, तरी त्याचं काही ठरेना. शेवटी त्याने तिलाच फोन लावला. ती कामावर होती, चहाच्या सुट्टीत.

"बटणं मोठी बघ रं, आन् वजनाला जड," ती म्हणाली. "मी खेळायला लागले की सगळं टेबल हलतं, माहितीये ना तुला?"

त्याने सगळ्यात जड होती ती उचलली. दुकानदाराने लगेच तसलीच दुसरी काढून शेजारी ठेवली.

"जोडीच घेऊन जा. मारामारीला समोर कोण तरी लागतंच की."

विपुलने चुरचुरणारे डोळे चोळले आणि दुसरी अलगद मागे सरकवली.


"एकच द्या, दादा. बायको घरात असते तवा मी कंपनीत असतो."