घसरलेला सूर
"झकास!" काचेपलीकडून रेकॉर्ड कंपनीचे लास्करसाहेब ओरडले. "आत्ता पडला सूर जागेवर. ती जुनी तबकडी टाका भंगारात."

थर्मनने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या आणि सुटकेचा निःश्वास सोडला. त्याची बायको व्हर्नेल मात्र पियानोपुढे ढिम्म बसून होती.

पाच वर्षांपूर्वी, याच न्यूयॉर्कमध्ये, तिने चार रचना रेकॉर्ड केल्या होत्या. ड्रमवर तेव्हाही थर्मनच होता. बीबॉप म्हणजे वेड्यावाकड्या सुरांचं वेगवान जॅझ, आणि त्याचा आखाडा पुरुषांचा. त्यात पियानोवर बाई म्हणजे लोकांना गंमतच. तिने भल्याभल्यांना पाणी पाजलं. फक्त एका रचनेत, ऐन रंगात, एक सूर घसरला. टीकाकारांना नेमका तेवढाच ऐकू आला: 'बाईचा हात!' त्याच वर्षी त्यांचं मूल गेलं आणि व्हर्नेलने पुन्हा स्टुडिओचं तोंड पाहिलं नाही. आता कंपनी त्या चारही रचना नव्या मोठ्या तबकडीवर काढणार होती. अट एकच, ती रचना पुन्हा वाजवून तो सूर सुधारायचा. थर्मनने नाकदुऱ्या काढून तिला इथवर आणलं होतं. तिचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी यावं, एवढंच त्याला हवं होतं.

"जुनंच घ्या," व्हर्नेल म्हणाली.

"अगं, तीच चूक पुन्हा जगाला ऐकवायची?" थर्मन वैतागला. घरी तो त्या सुरावरून तिला कायम चिडवायचा. "पुरुषानं वाजवला असता तर त्यालाच बीबॉप म्हणाले असते, कबूल. पण तू पडलीस बाई!"

"चूकच आहे ती. मी कुठं नाही म्हणतेय?"

"मग हट्ट कसला?" लास्कर बाहेर आले. "जुनं असेल तर मी काढणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी घेईन."

"घ्या."

तिने कोट चढवला. हातातोंडाशी आलेला घास ही बाई स्वतःच लोटत होती. थर्मनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"व्हर्न, एक बोट घसरलं त्यापायी सगळं घालवणार तू?"

ती त्याच्याकडे वळली.

"आपोआप नव्हतं घसरलं. आठवा महिना होता मला. ऐन त्या जागी तिनं आतून लाथ मारली." तिने कोटाचं बटण लावलं. "जन्मली तेव्हा रडलीसुद्धा नाही आपली पोर, थर्मन. आवाज म्हणून तेवढाच केला तिनं."