अर्धा स्पंज

सव्वानऊला मासा आडवा झाला. लेक दहाला यायची होती.

त्याने काचेवर बोटाने टकटक केली. माशाने कल्ला एकदा उघडला, मिटला, आणि मग तेवढंही करायचं सोडलं. पाणी काचेसारखं नितळ होतं. टाकीमागच्या भिंतीवरचे रंगाचे पोपडे त्यातून मोजता आले असते. त्याने पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरचं दुकान गाठलं.

"दादा, पाळताय ना नक्की?" दुकानदार पाण्यात जाळी फिरवत म्हणाला. "मला वाटायला लागलंय, तळताय."

"नारिंगी हवा. शेपटीवर पांढरा ठिपका. डाव्या बाजूला."

"लोक जावईसुद्धा इतका निरखून घेत नाहीत."

चार महिन्यांतला हा पाचवा मासा होता.

तो इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या कामावर होता. बावीस वर्षं. पाकिटावरच्या पट्टीच्या रेघा वाफेने काळ्या झाल्याशिवाय त्याच्या हातून एक चिमटा बाहेर गेला नव्हता. घरीही हात तसाच चालायचा. कुणी पेला खाली ठेवायचा अवकाश, खालचा ओला गोल पुसायला हा हजर. "या घरात माणसाचा ठसासुद्धा टिकत नाही," बायको म्हणायची. वर्षापूर्वी दोघं वेगळे झाले. आदळआपट झाली नाही, आवाजही चढले नाहीत. लेक आईकडे राहिली. रविवार त्याच्या वाट्याला आला.

सुरुवातीचे रविवार कठीण गेले. भाड्याच्या एका खोलीत नऊ वर्षांच्या मुलीने करायचं काय? बारानंतर ती घड्याळाकडे बघू लागे आणि तीनला हळूच विचारी, "जाऊ?" मग त्याने टाकी आणली. त्या दिवशी ती दिवेलागणीपर्यंत काचेला नाक लावून बसली. माशाचं नाव ठेवलं ढेरपोट्या. मासा आहे तोवर लेक येईल, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

म्हणून तो जिवाचं रान करत होता. विकतचा फिल्टर त्याला पुरेसा वाटेना. प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून त्याने आणखी एक कप्पा जोडला. खाली जाड स्पंज, त्यावर बारीक, त्यावर कापूस. पंपही मोठा बसवला. दर शनिवारी तो स्पंज काढायचा आणि गॅसवर वीस मिनिटं उकळायचा. जुन्या घरातल्या टाकीचा स्पंज बायको टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून तसाच परत बसवायची. "घाणीत घाण धुतेस," म्हणून तो नाक मुरडायचा. तिने त्याला त्या टाकीला हात लावू दिला नाही. तिचे मासे वर्षानुवर्षं जगले. तिचं नशीब, असं तो समजत आला होता.

दहाला पाच कमी असताना पाचवा ढेरपोट्या पाण्यात सुटला. दहाला बेल वाजली.

लेकीच्या दोन्ही हातांत डबा होता. तो तिने छातीशी धरला होता.

"सरळ धर बाबा, सांडेल," डबा त्याच्या हातात देत ती म्हणाली.

त्याने डबा ओट्यावर ठेवला. "आधी ढेरपोट्याला तर भेट."

तिने टाकीत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा पाचवा ना?"

त्याने जवळचं फडकं उचललं आणि कोरडाच असलेला ओटा पुसायला घेतला.

"दुसऱ्याचा ठिपका मोठा होता," ती म्हणाली. "तिसऱ्याला मिशीसारखं काहीतरी होतं."

"मग बोलली का नाहीस, बयो?"

"तू दर वेळी इतका शोधून आणायचास."

फडकं थांबलं. "मला वाटलं," तो म्हणाला, "मासा नसला तर तू इथे..."

लेकीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो गणितात अगदीच कच्चा असावा. "मासे तर घरीपण आहेत की. आठ आहेत."

तो खुर्चीत बसला. पंप घुरघुरत होता. घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"आता उघड ना डबा."

त्याने झाकण काढलं. आत गढूळ पाणी होतं आणि त्यात स्पंजाचा तपकिरी, बुळबुळीत तुकडा. चिखलाचा वास आला. त्याचा हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला.

"थांब! तो मळ नाहीये," लेक ओरडली. "त्यात बारीक जीव असतात, दिसत नाहीत. माशांमुळे पाण्यात विष तयार होतं ना, ते हे जीव संपवतात. तू उकळलंस की तेच मरतात. मग पाणी दिसतं छान, पण माशाला बाधतं. हा तुकडा फिल्टरमध्ये घालायचा. मग तिथेपण वाढतात."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"आईने. मी तिला म्हटलं, बाबाचे मासे मरतात. तिने विचारलं, स्पंज कसा धुतो? मी म्हटलं, उकळतो. खूप हसली. मग गप्प बसली. मग कात्री घेऊन आली."

त्याने तुकडा तळहातावर घेतला. तीन कडा झिजून गोल झाल्या होत्या. चौथी सरळ होती, ताजी कापलेली.

"घरचा अर्धाच राहिला मग?"

"हो. आई म्हणाली, त्यातले जीव वाढतील परत." लेकीने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "आणि म्हणाली, बाबाला सांग, एवढा तरी उकळू नकोस."