गाभा क्षेत्रातला डोह

अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात माणसानं पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. तरी गस्तीवर निघालेल्या वनरक्षक सुगंती बेठेकरला नदीच्या डोहात कुणीतरी जाळं ओढताना दिसलं. जवळ गेली, तर तिची आईच गुडघाभर पाण्यात उभी.

"माय, बाहेर ये."

"सून बाळंतीण आहे. तिले दूध उतरेना," आई जाळं न सोडता म्हणाली. "आपलं गाव उठवलं, तवा डोह बी उठवला का? तुह्या वेळी मी इथलेच मासे खाल्ले."

सुगंतीनं आजूबाजूला पाहिलं. कुरणात चितळांखेरीज कुणी नव्हतं. आईला जाऊ दिलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. पण कालच शेजारच्या मोतीकाकाचं जाळं तिनं इथंच जप्त केलं होतं, आणि त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती.

"काल काकाला सोडलं नाही. तुला कशी सोडू?" असं म्हणून तिनं काठावरची माशांची टोपली डोहात उपडी केली.

मासे सुळकन खाली गेले. एक मोठा मासा मात्र कुशीवर तरंगत राहिला. आईनं लेकीकडं रागानं पाहिलं. मग वाकून तिनं तो मासा दोन्ही हातांनी सरळ धरला, तोंड धारेकडं करून. बऱ्याच वेळानं कल्ले हलू लागले, तेव्हा आईनं हात सैल केले आणि मासा निघून गेला.

पदराला हात पुसत ती काठावर आली.

"चाल," ती म्हणाली, "ने मले तुह्या साहेबाकडे."